जाळीच्या कपाटातले कप

मी जमवलेली पहिली वस्तू म्हणजे एक इनॅमलची ताटली. पांढरी, काठाला निळी रेघ, आणि एका ठिकाणी टवका उडून आतलं काळं लोखंड दिसणारी. मोहोपाड्याला कारखान्याच्या वसाहतीत माझी एक मैत्रीण राहायची. तिचे यजमान निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा मी आवराआवरीला मदत करायला गेले होते. टाकायच्या सामानाचा दारात ढीग झालेला, आणि सगळ्यात वर ही ताटली. मी ती उचलली तशी मैत्रीण म्हणाली, "अगं, ती कुत्र्याची आहे."

"कुत्र्याच्या आधी कुणाची होती?"

हातातला बोळा तिनं खाली ठेवला. "सासऱ्यांची," म्हणाली. "जेवायला त्यांना दुसरी चालायची नाही."

ती ताटली मी घरी आणली, घासूनपुसून दुसऱ्या दिवशी तिच्यात पोहे खाल्ले. तेव्हा मी कर्जतच्या शाळेत मराठी शिकवत होते. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, आणि त्या ताटलीच्या मागून आमच्या घरात काय काय आलं त्याची मोजदाद मी ठेवलेली नाही. वेताच्या बैठकीची एक खुर्ची, दोन रंगांच्या चिनी मातीच्या बरण्या, पितळी डब्यांची एक उतरंड, झाकण हरवलेली किटली, पाय असलेला काचेचा एक फळांचा वाडगा. आमचे हे पोस्टात होते. त्यांना चीजवस्तूंचा सोस नाही, पण सहनशक्ती भरपूर. आल्यागेल्याला सांगतात, "आमच्याकडे खुर्च्या पुष्कळ आहेत, फक्त बसायची कुठली आणि बघायची कुठली ते हिला विचारून घ्या."

मला या वस्तूंचं वेड का, हे मला पुष्कळांनी विचारलंय. जुनं ते सगळं छान असतं असं मला मुळीच वाटत नाही. चुलीचा धूर मी लहानपणी पुरेसा खाल्लाय, गॅस मला प्रिय आहे. पण वापरलेल्या भांड्यावर माणसाची खूण राहते आणि ती वाचता येते, याची गोडी लागली की सुटत नाही. कालथा एकाच बाजूनं झिजलेला असतो. पाटावर बसणाऱ्याच्या घोट्याजवळचं लाकूड गुळगुळीत झालेलं असतं. पूर्वी भांड्यांवर नाव घालायची रीत होती. कुणी कुणाला कशाबद्दल दिलं ते टोच्यानं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं असायचं. माझ्याकडच्या एका फुलपात्रावर कुणाचंच नाव नाही, नुसतं 'मावशीकडून' एवढंच आहे. कोण मावशी, कुणाची मावशी, काही कळायला मार्ग नाही. मी त्या फुलपात्रातून पाणी पिते आणि त्या मावशीला मनातल्या मनात बरं म्हणते.

कशेळ्याला रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या सामानाचा एक व्यापारी बसतो. त्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे कळंबकडचे रिसॉर्टवाले आणि फार्महाऊसवाले. त्यांना बैलगाडीची चाकं लागतात, जाती लागतात, बागेत ठेवायला. मी त्याचं किरकोळ गिऱ्हाईक, पण जुनं. एका पावसाळ्याच्या अखेरीला त्याचा फोन आला. "टीचर, जाळीचं कपाट आलंय. रिसॉर्टवाल्याला दाखवायच्या आधी तुम्हाला सांगतोय."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. छातीइतक्या उंचीचं सागवानी कपाट. दोन दारांना बारीक तारेची जाळी, आत तीन फळ्या, आणि सगळ्यात खाली बंद लाकडी दारांचा एक कप्पा. दूधदुभतं, भाकऱ्या, उरलंसुरलं मांजरापासून राखायला अशी कपाटं घरोघर असायची. खालचा कप्पा पावसानं फुगून घट्ट बसलेला होता, उघडत नव्हता. "तो काय, वाळलं की उघडेल," व्यापारी म्हणाला. टेंपोतून कपाट कर्जतला आलं. पंधरा दिवस ते ओसरीत वाळलं, आणि एका सकाळी मी उलथन्याचं टोक घालून तो कप्पा उघडला.

आत एका जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं गाठोडं होतं. सोडलं तर चार कप आणि सहा बश्या.

मी आयुष्यात पुष्कळ कपबश्या हाताळल्यात, पण असे कप माझ्या हाताला कधी लागले नव्हते. इतके पातळ, की उजेडासमोर धरले तर पलीकडच्या बोटांची सावली दिसावी. कडेनं बारीक हिरवी वेल आणि वर सोनेरी रेघ. ओठ लागून लागून ती रेघ एका जागी पुसट झालेली. उजव्या हातानं पिणाऱ्याचे ओठ जिथं टेकतात तिथंच ती पुसली जाते. तीन कपांवर तसंच होतं. चौथ्यावर मात्र ती बरोबर विरुद्ध बाजूला पुसली गेली होती. म्हणजे हा कप कुणा डावऱ्या माणसाचा, आणि तो कप त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाला मिळत नसणार. मी ओसरीत बसल्या बसल्या आनंदानं टाळी वाजवली.

हे चहाची वाट बघत उभे होते. त्यांनी एक कप उचलला, फिरवून पाहिला, परत ठेवला. "हे विकलेले नाहीत," म्हणाले. "हे राहून गेलेले आहेत."

"मी कपाट आतल्यासकट घेतलंय."

"तसंही म्हणता येईल," ते म्हणाले आणि गप्प बसले. त्यांचं गप्प बसणं मला चांगलं ओळखीचं आहे. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

दोन महिने गेले. परत करायचे असं मी रोज ठरवत होते आणि रोज दुपारी त्यातच चहा पीत होते. जाड कपात चहा कसा ओठांना उशिरा भेटतो. या कपांना कडच नसल्यासारखी होती. तेवढ्यात डिसेंबरात शाळेतल्या जुन्या सहकारी बाई आल्या. त्यांनी कप पाहून विचारलं, "कुठं मिळाले हो?" आणि मी सहज बोलून गेले, "मोहोपाड्याला, एका मैत्रिणीकडे." तोंडातून शब्द गेला आणि माझे मलाच कान गरम झाले. ज्या वस्तूबद्दल खोटं बोलावं लागतं ती आपली नसते, हे मी पोरांना नाही का शिकवलं? त्या बाई गेल्यावर मी व्यापाऱ्याला फोन लावला आणि कपाट कुठल्या घरचं ते विचारून घेतलं. कशेळ्याच्या पुढं डोंगराकडच्या एका गावातलं होतं.

जाताना मी एकच कप घेतला, नॅपकिनमध्ये गुंडाळून. चारही का घेतले नाहीत, याचं त्या वेळी मी स्वतःला उत्तर दिलं की आधी खात्री तर करू. खरं कारण असं की तीन तरी घरी राहतील अशी माझी आशा होती.

कशेळ्याहून दुसरी जीप. घर सापडायला वेळ लागला नाही. नवं स्लॅबचं घर, गुलाबी रंग अजून ताजा, शेजारी जुन्या घराचं जोतं तेवढं उरलेलं. ओट्यावर एक ऐंशीच्या पुढचे बाबा बसले होते, दातांना मशेरी लावत. मी नमस्कार केला आणि बोलायला तोंड उघडणार, तोच माझी नजर त्यांच्या बाजूला गेली. मशेरी ठेवलेली होती ती एका कान तुटलेल्या कपात. कडेनं बारीक हिरवी वेल.

विचारण्यासारखं काही उरलंच नाही. मी पिशवीतून कप काढून त्यांच्या समोर ठेवला.

बाबांनी बोट तोंडातून काढलं. कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ह्यो कुठं गावला तुमाला?"

"तुमचं जुनं कपाट मी घेतलं. खालच्या कप्प्यात होते. चार आहेत."

आतून त्यांची सून पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. चाळिशीची असेल. तिनं कप पाहिला आणि तांब्यासकट उंबऱ्यातच बसली.

"मामा, बघा!" सासऱ्यांना ती मामा म्हणायची, सासूला आत्या. "बघा, मी नाय फोडले! मी नाय फोडले आत्यांचे कप!"

आणि ती रडायलाच लागली. मला काही सुधरेना. हळूहळू कळलं ते असं. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. नवं घर बांधताना सुनेनं जुनं सामान काढून टाकलं, त्यात कपाटही गेलं. खालचा कप्पा उघडत नव्हता, म्हणून तो रिकामाच असेल असं तिला वाटलं. नव्या घरात कप दिसेनात, तेव्हा बाबांनी एकदा विचारलं, कप कुठं गं? तिनं सगळं घर धुंडाळलं. नसलेल्या कपांचा हिशोब काय देणार? सगळे धरून चालले, की हलवाहलवीत हिच्या हातून फुटले आणि ही सांगत नाही.

"मी तुला कदी बोललो का गं?" बाबा म्हणाले.

"बोलला नाय, तेच तर लागलं." तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "बाई, तुमाला कदी गावले?"

खोटं बोलण्याची ती दुसरी संधी होती. "दोन महिने झाले," मी म्हटलं.

"दोन म्हयने," ती म्हणाली. "दोन म्हयने मी ह्यांना भाकर वाढताना मान वर केली नाय."

मला त्या कपांची वेल दिसली होती, सोनं दिसलं होतं, डावऱ्या माणसाचे ओठसुद्धा दिसले होते. या बाईचा विचार मात्र माझ्या मनात एकदाही आला नव्हता. "माझं चुकलं," एवढंच मी म्हणू शकले. ती उठून आत गेली. आता आपण निघावं की काय असा विचार करत मी ओट्यावर अवघडून बसले, तर आतून स्टोव्हवर पातेलं ठेवल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं चहा आला.

चहा पिता पिता बाबांनी कपांची गोष्ट सांगितली. लग्न नवं होतं तेव्हा भातं झोडून झाली की त्यांची बायको गावातल्या बायकांबरोबर माथेरानला हंगामाच्या कामाला जायची. एका पारशी कुटुंबाच्या बंगल्यावर तिनं बरीच वर्षं स्वयंपाकघर सांभाळलं. पुढं त्या लोकांनी बंगला बंद केला. निघताना मालकीणबाईंनी तिला विचारलं, तुला काय हवं ते माग. तांब्याचा बंब होता, पितळेचं पातेलं होतं. तिनं कप मागितले.

"सहा कप! आन बश्या!" बाबा अजूनही चकित होते. "आमच्या घरात तवा च्या व्हायचा तो पितळीत. माझा बाप म्हनला, बंब सोडून ही बाय बुडकुल्या घेऊन आली. तर ती म्हनली, तितं बारा वर्सं मी ह्ये धुतले, यातनं एकदा पिऊन बघायचं व्हतं."

माथेरानहून नेरळपर्यंत डोंगर ती चालत उतरली, डोक्यावर पाटी, पाटीत गवत, गवतात कप. तिथून कळंबपर्यंत बैलगाडी, पुढं परत चालत. एकालाही टवका गेला नाही.

"मग सहातले दोन?"

बाबा मिस्कील हसले. "एक मी फोडला. आठ दिस बोलली नाय माझ्यासंगं. दुसऱ्याचा कान मीच तोडला. तवा बोलायची तर नायच, जेवायला पन देयाची नाय."

"आणि ती डावरी होती," मी म्हटलं.

बाबांच्या हातातला ग्लास तसाच राहिला. "तुमाला कुनी सांगितलं?"

मी सोन्याच्या रेघेचं सांगितलं. मी आणलेला कप तो नव्हता, तो घरी होता. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तो आना, बाई. त्यो बघायचाय."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गेलो. उरलेले तीन कप आणि सहाही बश्या मी त्याच हिरव्या लुगड्यात बांधल्या होत्या आणि जीपमध्ये मांडीवर धरून बसले होते. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वरखाली व्हायचा. बाबांची बायको तो डोंगर कशी उतरली असेल! बाबांचा मुलगा कंपनीत शिफ्टला गेला होता. घरी बाबा आणि सूनच होती. सुनेनं कप धुतले, पुसले, ताटात मांडून आणले. चार कप, आम्ही चौघं.

बाबांनी ताट आपल्यापुढं ओढलं. एकेक कप उजेडाकडे धरून पाहिला. डावरा कप सापडला तेव्हा त्यांनी पुसलेल्या सोन्यावरून अंगठा फिरवला. मला वाटलं ते तो स्वतःला ठेवतील. त्यांनी त्यात चहा ओतला आणि सुनेपुढं केला.

"ह्यो तू घे."

"मामा, आत्यांचा हाय त्यो."

"म्हनून तर. घे. थंड व्हईल."

तिनं कप दोन्ही हातांनी धरला. बाबांनी आपला चहा बशीत ओतला आणि भुरका मारला, इतका मोठा की आमचे हे दचकले, आणि मग त्यांनीही बशीत चहा ओतून तितकाच मोठा भुरका मारला. पोस्टातल्या चाळीस वर्षांत दाबून ठेवलेला असावा.

कप तिथंच राहिले. तुम्ही म्हणाल, मोठं मन दाखवलं. तसं काही नव्हतं. परतताना मांडीवरची पिशवी रिकामी होती आणि मला ती रिकामी असल्याचं चांगलंच जाणवत होतं. पुढं कितीतरी दुपारी चहा करताना माझा हात त्या कपांच्या फळीकडे जायचा. पण तेव्हापासून मी एक पथ्य पाळते. कुठलीही जुनी वस्तू घ्यायच्या आधी ती कुणाच्या घरची ते विचारते, शक्य झालं तर जाऊन भेटते. व्यापारी कंटाळतो. "टीचर, तुम्ही कपाट घेता का सोयरीक जमवता?" असं म्हणतो. खरं सांगायचं तर यामुळे माझ्याकडे वस्तू कमी येऊ लागल्या आणि ओळखी जास्त.

जानेवारीत बाबांना डोळे दाखवायला कर्जतला आणलं होतं, तेव्हा सून त्यांना आमच्याकडे घेऊन आली. त्यांना कपाट बघायचं होतं. मी त्यांना स्टूल दिलं. त्यांनी जाळीचं दार उघडलं, लावलं, परत उघडलं. "आवाज त्योच हाय," म्हणाले. आतल्या फळीवर माझ्या बरण्या पाहून त्यांना बरं वाटलं असावं. मग वाकून त्यांनी कपाटाच्या पायांकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पायाखालच्या वाट्या कुठं हायत?"

कसल्या वाट्या, मला ठाऊक नव्हतं. तेव्हा त्यांनी शिकवलं: कपाटाचे चारही पाय दगडी वाट्यांत ठेवायचे आणि वाट्यांत पाणी घालायचं, म्हणजे मुंगी वर चढत नाही. इतकी वर्षं जुन्या वस्तू जमवून मला हे माहीत नव्हतं. आमच्या दुधाला मुंग्या लागायच्या आणि मी खडूच्या रेघा ओढत बसायचे.

"त्या व्हय?" सून म्हणाली. "त्यात तर आमच्या कोंबड्या पानी पितात."

पंधरा दिवसांनी ती एकटीच आली, दोन्ही हातांत जड पिशव्या. चार काळ्या दगडी वाट्या, घासून लख्ख केलेल्या. "कोंबड्यांना मी पत्र्याचा डबा दिला," म्हणाली. आमच्या यांनी आणि मी कपाट एकेका कोपऱ्यानं उचललं, तिनं खाली बसून वाट्या सरकवल्या. मग तिनं स्वयंपाकघरातून तांब्या आणला, चारही वाट्या भरल्या, आणि ओट्यावरचं दुधाचं पातेलं उचलून, मला न विचारता, मधल्या फळीवर डावीकडे ठेवलं.

"दूध हितं ऱ्हायाचं," म्हणाली. "आन पानी रोज बदला, बाई. नायतर डास व्हतात."

मी बदलते. एखाद्या दिवशी जुनं ओतलं आणि नवं घालायला विसरले की दुपारपर्यंत मुंग्यांची रांग बरोबर मधल्या फळीवर पोचते, आणि वर्तमानपत्राच्या मागून आवाज येतो, "अगं, कपाटाला पाणी पाजलंस का?"